साडेचार ग्रॅमची वायल

प्रस्तावना

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात हल्ली एक वाक्य हमखास येते : ‘डॉक्टरांनी आता हायर अँटिबायोटिक सुरू केलंय.’ मुंबईत, नागपुरात, सांगलीत ते ऐकू येते. उपचारांसाठी महाराष्ट्रातून चेन्नईला गेलेल्या कुटुंबांतही ऐकू येते. कोणते औषध, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘पिपटॅझ’. कागदोपत्री त्याचे नाव पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. हे पेनिसिलिनच्या घराण्यातले औषध आहे. ते शिरेतून दिले जाते आणि गंभीर जंतुसंसर्गासाठी राखलेले आहे. ते कशासाठी मंजूर आहे, कशासाठी नाही, ही मंजुरी कशाच्या आधारावर मिळते आणि तिची चौकट सोडली की काय होते, हा पुढील पानांचा विषय आहे.

अँटिबायोटिकांविषयी मराठीत लिहिताना बहुधा दोनच सूर लागतात. एक फ्लेमिंगच्या बुरशीच्या अद्भुत कथेचा, दुसरा ‘अँटिबायोटिक वाईटच’ या सरसकट उपदेशाचा. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली बारीक अक्षरांची माहितीपत्रिका या दोहोंत हरवते. ती रुग्णाच्या हाती पडत नाही आणि पडली तरी कोणी वाचत नाही. खरे तर तिच्यातील ‘उपयोग’ या भागातली एकेक ओळ रुग्णांवरील चाचण्यांतून कमावलेली असते, आणि जी ओळ तिथे नाही तिच्या नसण्यालाही पुष्कळदा कारण असते. हे औषध आपल्या हाती टिकवायचे असेल तर ती चौकट डॉक्टरांइतकीच रुग्णाच्या घरच्यांनाही ठाऊक हवी. या लेखनामागची भूमिका एवढीच आहे.

त्यासाठी चेन्नईच का, हा प्रश्न साहजिक आहे. या एका औषधाचे गेल्या दीड दशकातले सगळे भाग्य आणि दुर्भाग्य या शहराने जवळून पाहिले. अमेरिकेच्या बाजारात या इंजेक्शनची पहिली जेनेरिक आवृत्ती २००९ मध्ये चेन्नईच्या कंपनीने नेली. अशा औषधांना निष्प्रभ करणाऱ्या जंतूंचे जगाला हादरवणारे नमुने २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातले कितीतरी चेन्नईतले होते. अँटिबायोटिकांच्या बेबंद वापराविरुद्ध देशातील वैद्यकीय संघटनांनी २०१२ मध्ये जे निवेदन काढले, ते ‘चेन्नई जाहीरनामा’ म्हणूनच ओळखले जाते. आणि टॅझोबॅक्टमच्या रेणूत बदल करून चेन्नईत घडवलेल्या नव्या औषधाला २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे मान्यता मिळाली. एकाच शहरात हे चारही टप्पे क्वचितच सापडतील.

आधी थोडे मागे जाऊ. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीचा गुण दिसला, पण त्याचे औषध झाले ते ऑक्सफर्डला. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी १९४० मध्ये उंदरांवर प्रयोग केले आणि १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला पहिली इंजेक्शने दिली. तो झपाट्याने सुधारू लागला. मात्र औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता की, त्याच्या लघवीतून उतरलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचावे लागले. साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो दगावला. अर्धवट उपचार म्हणजे काय, याचा धडा पेनिसिलिनच्या पहिल्याच रुग्णाने दिला. जंतूंकडे पेनिसिलिन फोडणारे विकर असते, हे चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी १९४० मध्येच नोंदवले होते. औषध बाजारात येण्याआधीच त्याचा तोडगा जंतूंपाशी तयार होता.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध पिंपरीचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. बाहेरून येणाऱ्या महाग औषधावर विसंबलेल्या देशात ही मोठी गोष्ट होती. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने पुढे न्यूमोनिया, उपदंश, सांध्यांचा ताप आणि त्यातून होणारा हृदयाचा आजार अशा कितीतरी दुखण्यांची भीती कमी केली. ते साधे पेनिसिलिन आजही कालबाह्य झालेले नाही. जिथे चालते तिथे ते पहिल्या पसंतीचेच आहे.

पण साध्या पेनिसिलिनची पोच मर्यादित होती. आतड्यात आणि रुग्णालयांतील ओलसर कोपऱ्यांत वावरणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर त्याचा फारसा जोर चालत नसे. पेनिसिलिनच्या रेणूचा गाभा, म्हणजे ६-एपीए, ब्रिटनच्या बीचम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस वेगळा काढला गेला. मग त्या गाभ्याला निरनिराळ्या शाखा जोडून नवी पेनिसिलिने बनवता येऊ लागली. अँपिसिलिन त्यातलेच. अँपिसिलिनला आणखी एक शाखा जोडून जपानच्या तोयामा कंपनीने १९७० च्या दशकात पिपरॅसिलिन बनवले. रुग्णालयातल्या चिवट स्यूडोमोनास जंतूलाही ते पुरून उरे. उणीव राहिली ती जुनीच, विकराची. ती भरून काढणारे टॅझोबॅक्टम तैहो या दुसऱ्या जपानी कंपनीकडून आले. दोहोंची जोडी १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

ही जोडी काम कशी करते? जंतू आपल्या अंगाभोवतीची भिंत सतत बांधत आणि डागडुजी करत असतो. पिपरॅसिलिन त्या भिंतीवर काम करणाऱ्या गवंड्याचा हातच धरून ठेवते. बांधकाम अडते, भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. प्रतिकार करणारा जंतू बीटा-लॅक्टमेज हे विकर सोडून पिपरॅसिलिनचे तुकडे करू पाहतो. टॅझोबॅक्टमची स्वतःची मारकशक्ती नगण्य आहे. ते त्या विकराला चिकटून त्याला निकामी करते, एवढेच त्याचे काम. आठ भाग पिपरॅसिलिनला एक भाग टॅझोबॅक्टम, हे या जोडीचे प्रमाण. म्हणूनच मोठ्या माणसांसाठीच्या नेहमीच्या वायलीवर साडेचार ग्रॅम असे लिहिलेले असते : चार ग्रॅम एक, अर्धा ग्रॅम दुसरे.

वॉर्डातली सिस्टर ती वायल हातात घेते तेव्हा आत पांढरट भुकटी असते. ती विरघळवायला सुमारे वीस मिलिलिटर पाणी किंवा सलाईन आत सोडून वायल हलक्या हाताने गोल फिरवावी लागते. द्रव स्वच्छ झाला की तो सिरिंजमध्ये ओढून सलाईनच्या लहान बाटलीत मिसळायचा, बाटलीवर नाव आणि वेळ लिहायची आणि ठिबक लावायचे. माहितीपत्रिका अर्ध्या तासात बाटली संपवायला सांगते. अनेक आयसीयू हाच डोस चार तासांवर ताणतात, कारण हे औषध रक्तातील उंच पातळीपेक्षा ती पातळी किती वेळ टिकते यावर जास्त अवलंबून असते. सहा तासांनी पुन्हा हेच सगळे. रात्री दोनचा डोस पहाटे पाचला गेला तर कागदावर फारसे काही दिसत नाही, पण मधल्या तीन तासांत जंतूंना मोकळे रान मिळते. या औषधाचे यश त्या रात्रपाळीच्या सिस्टरच्या घड्याळावर किती अवलंबून आहे, याची दखल सहसा कोणी घेत नाही.

आता मंजूर उपयोगांकडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मान्य केलेली यादी आखूड आहे. पहिला मान पोटातल्या संसर्गाचा : अपेंडिक्स फुटणे, पू साठणे, पेरिटोनायटिस. दोन महिन्यांवरील मुलांनाही हा उपयोग लागू आहे. आतडे फुटले की ऑक्सिजनवर जगणारे आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे, दोन्ही जातींचे जंतू एकाच वेळी पोटात पसरतात. एरवी त्यासाठी दोन-तीन औषधे एकत्र द्यावी लागतात, हे एकटे दोन्ही आघाड्या सांभाळते. दुसरा उपयोग त्वचा आणि त्याखालच्या ऊतींचा, त्यात मधुमेह्याच्या पायाची जखम येते. महाराष्ट्र काय किंवा तमिळनाडू काय, घरोघरी मधुमेह असलेल्या प्रदेशांत या ओळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पायाला काटा रुततो, संवेदना नसल्याने कळत नाही आणि रुग्ण येतो तो पाय काळा पडू लागल्यावर. तिसरा उपयोग बाळंतपणानंतर गर्भाशयाला होणारा संसर्ग आणि स्त्रियांच्या ओटीपोटातील दाह. चौथा, घरीच सुरू झालेला मध्यम तीव्रतेचा न्यूमोनिया. पाचवा, रुग्णालयात दाखल झाल्यावर होणारा न्यूमोनिया. यात डोस जास्त, दर सहा तासांनी साडेचार ग्रॅम, आणि सुरुवातीला सोबत अमायनोग्लायकोसाइड गटातले आणखी एक इंजेक्शन.

युरोपची यादी ताडून पाहिली की गंमत कळते. तिथे मूत्रपिंडापर्यंत चढलेला गुंतागुंतीचा मूत्रमार्गाचा संसर्ग यादीत आहे, अमेरिकेच्या यादीत तो नाही. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णाला आलेला ताप युरोपात मंजूर आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला या तापाची धास्ती माहीत असते, कारण तिथे पहिला डोस काही तासांत नव्हे, तासाभरात जावा लागतो. अमेरिकेच्या यादीतले स्त्रियांच्या ओटीपोटाचे संसर्ग मात्र युरोपच्या यादीत वेगळे नोंदलेले नाहीत. औषध तेच, जंतू तेच, मग फरक का? कारण मंजुरी मागणाऱ्या कंपनीने ज्या आजारावर चाचण्या करून पुरावा मांडला, त्याचाच निवाडा नियामक करतो. यादीत नसलेला प्रत्येक उपयोग चुकीचा असतो असे नाही. अनुभवी डॉक्टर पुराव्याच्या बळावर त्यापलीकडेही जातात. पण त्या वेळी आपण आखलेल्या रेषेबाहेर पाऊल टाकतो आहोत, याचे भान असायला हवे. भारतात हा निवाडा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना करते.

रेषेच्या बाहेर नक्की काय आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. डेंग्यू, फ्लू किंवा इतर कोणत्याही विषाणूच्या तापावर या इंजेक्शनाचा काडीचा उपयोग नाही. क्षयावर नाही. एमआरएसए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर नाही. मेंदूज्वरासाठी ते मंजूर नाही. साध्या घसादुखीला किंवा मूत्रमार्गाच्या किरकोळ जळजळीला ते देणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिकांची तीन गटांत विभागणी करते : सहज वापरायची, नजर ठेवून वापरायची आणि राखीव. साधे पेनिसिलिन आणि अँपिसिलिन पहिल्या गटात आहेत, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दुसऱ्या.

धोक्यांची यादीही पत्रिकेत असते. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला हे औषध वर्ज्य आहे. आपल्याकडे हाताच्या त्वचेत टेस्ट डोस टोचून ‘काही झालं नाही’ म्हणत पुढे जाण्याची पद्धत रूढ आहे. पण पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर चट्टे आले, चेहरा सुजला, श्वास लागला, हा प्रश्न नीट विचारणे त्याहून महत्त्वाचे. मूत्रपिंड अधू असेल तर डोस उतरवावा लागतो. व्हँकोमायसिनसोबत दिल्यास मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता वाढते. दिवसाला चार वायली म्हणजे मिठातल्या सोडियमची सुमारे एक ग्रॅमची भर; हृदय किंवा यकृत थकलेल्या रुग्णाला ती नगण्य नसते. संधिवातासाठी किंवा कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते शरीरात साठू शकते. औषध संपल्यानंतरही आठवडे उलटून जुलाब सुरू झाले तर आतड्यातील क्लॉस्ट्रिडिओइडेस डिफिसिल या जंतूची शंका घ्यावी लागते. ही यादी घाबरवण्यासाठी नाही. गंभीर संसर्गात या औषधाने वाचणारे प्राण या धोक्यांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. मात्र जिथे फायदाच शून्य, तिथे धोका पत्करण्यात शहाणपणा नाही.

आता पुन्हा चेन्नईकडे. के. राघवेंद्र राव यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेली ऑर्किड ही कंपनी सेफॅलोस्पोरिनसारख्या इंजेक्शनांच्या उत्पादनातून वाढली. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमची मूळ उत्पादक वायथ कंपनीने २००५ मध्ये औषधात काही साहाय्यक घटक घालून नवे रूप आणले होते आणि जेनेरिक उत्पादकांनाही तेच बंधन असावे असा आग्रह धरला होता. एफडीएने तो मानला नाही आणि सप्टेंबर २००९ मध्ये ऑर्किडच्या जेनेरिकला मंजुरी दिली. अमेरिकी रुग्णालयांत या इंजेक्शनची मक्तेदारी संपवणारी पहिली वायल अशी चेन्नईची होती. पुढच्याच वर्षी ऑर्किडने आपला इंजेक्शनांचा व्यवसाय होस्पिरा या अमेरिकी कंपनीला विकला. २०१५ मध्ये होस्पिरा फायझरच्या पोटात गेली आणि २०१९ मध्ये फायझरने चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा कारखाना बंद करायचे ठरवले. त्याच घोषणेत औरंगाबादच्या कारखान्याचेही नाव होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. चेन्नई आणि मराठवाडा यांचे औषधी नाते असे बंद दारांतही आहे.

ऑर्किडच्या विजयाला वर्ष होत नाही तोच दुसरी बातमी आली. मद्रास विद्यापीठाचे संशोधक कार्तिकेयन कुमारसामी हे प्रथम लेखक असलेला निबंध ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एनडीएम-१ हे विकर असलेले जंतू चेन्नईतून ४४, हरयाणातून २६, ब्रिटनमधून ३७ आणि भारत-पाकिस्तानातील इतर ठिकाणांहून ७३ असे त्यात नोंदले होते. हे विकर पेनिसिलिनांनाच नव्हे, तर शेवटचा आसरा मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम औषधांनाही फोडते. त्याच्या नावात नवी दिल्ली आल्याने देशात संताप उसळला, संसदेत गाजावाजा झाला, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचे कारस्थान म्हणूनही बोलले गेले. नाव ठेवणाऱ्यांचे चुकले असेलही; पण प्रयोगशाळेच्या बशीतले जंतू खोटे नव्हते, आणि त्यांची नोंद करणारा आपल्याच विद्यापीठाचा तरुण होता.

डॉ. अब्दुल गफूर यांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०१२ मध्ये चेन्नईत देशातील वैद्यकीय संघटना एकत्र आल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. आदर्श धोरणाच्या प्रतीक्षेत बसण्यापेक्षा आज जमेल ते व्यवहार्य धोरण आखावे, असा त्या जाहीरनाम्याचा रोख होता : चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विक्रीला आवर, रुग्णालयांत संसर्ग-नियंत्रण समित्या, जंतूंच्या प्रतिकाराची देशव्यापी नोंद. मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ लागू झाली. तिच्यातील ४६ औषधांत तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने आणि कार्बापेनेम आली. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही वही खरोखर किती भरली जाते, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गल्लीत शोधावे.

या सगळ्या काळात पिपटॅझचे काय झाले? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी नोंदींनुसार ई. कोलाय जंतूंपैकी २०१७ मध्ये ५६.८ टक्के या औषधाला दाद देत होते. २०२३ मध्ये ते प्रमाण ४२.४ टक्क्यांवर आले. मोठ्या रुग्णालयांतून गोळा केलेले हे आकडे आहेत, गावच्या साध्या संसर्गाला ते जसेच्या तसे लागू नाहीत. तरी कल दिसायला पुरेसे आहेत.

त्याहून डोळे उघडणारी चाचणी २०१८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आली. ‘मेरिनो’ हे तिचे नाव. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला रक्तात शिरलेले रुग्ण तिच्यात घेतले होते, आणि प्रयोगशाळेच्या चाचणीत हे जंतू पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला दाद देतात असे दिसले होते. तरीही ३० दिवसांत या औषधावरचे १२.३ टक्के रुग्ण दगावले, तर कार्बापेनेम गटातल्या मेरोपेनेमवरचे ३.७ टक्के. म्हणजे कल्चर रिपोर्टवर ‘एस’, म्हणजे ‘दाद देतो’, हे अक्षर आले की काम फत्ते, असे प्रत्येक वेळी नसते. जंतू कोणता, तो शरीरात कुठे बसला आहे आणि कोणते विकर घेऊन आला आहे, हे सगळे एकत्र पाहावे लागते. चाचणी केल्याशिवाय हे कळले नसते, आणि मंजुरीच्या चौकटीमागे चाचणीचा हट्ट का असतो, हे या एका आकड्यातून पटते.

औषधाची चणचण हा आणखी एक धडा. पिपरॅसिलिनचा गाभा असलेले ६-एपीए बनते पेनिसिलिन-जीपासून आणि पेनिसिलिन-जी मिळते बुरशीच्या आंबवण-टाक्यांतून. नव्वदीनंतर स्वस्त चिनी मालापुढे आपल्या टाक्या टिकल्या नाहीत. २०१६ च्या अखेरीस चीनमधील शांडोंग प्रांतात एका कारखान्यात स्फोट झाला आणि २०१७ मध्ये जगभरच्या रुग्णालयांना पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा तुटवडा भासला. सरकारी प्रोत्साहन योजनेच्या आधाराने आंध्र प्रदेशातील काकीनाडा इथे पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. पिंपरीत सत्तर वर्षांपूर्वी जे साधले होते, ते पुन्हा नव्याने उभारावे लागले.

चेन्नईच्या कथेचा शेवटचा टप्पा उभारी देणारा आहे. ऑर्किडच्या रसायनतज्ज्ञांनी टॅझोबॅक्टमच्या रेणूला एक मिथाइल गट जोडला. बदल एवढासा, पण त्यामुळे रेणूवर धनभार आला आणि ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या आवरणातून आत शिरणे त्याला सोपे झाले. हेच एनमेटाझोबॅक्टम. पुढचा विकास युरोपातील अलेक्रा कंपनीने केला. दरम्यान ऑर्किड कर्जात बुडाली, दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेली आणि २०२० मध्ये धानुका समूहाकडे आली. रेणू मात्र टिकला. सेफेपिम या सेफॅलोस्पोरिनसोबत त्याची जोडी करून गुंतागुंतीच्या मूत्रमार्ग-संसर्गात थेट पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमशी सामना लावला गेला. ‘अ‍ॅलियम’ या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘जामा’त आले : नव्या जोडीने ७९.१ टक्के रुग्णांत पूर्ण यश, जुन्या जोडीने ५८.९ टक्के. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने मान्यता दिली, त्यानंतर महिन्याभरात युरोपनेही.

इथेही चौकट पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत ही मंजुरी फक्त प्रौढांच्या गुंतागुंतीच्या मूत्रमार्ग-संसर्गापुरती आहे. युरोपने रुग्णालयातील न्यूमोनियाही जोडला. आणि एनडीएमसारख्या धातुयुक्त विकरांना हे नवे औषध रोखू शकत नाही. चेन्नईत घडवलेले औषध चेन्नईत सापडलेल्या त्या जंतूसमोर हतबल आहे. त्या आघाडीवर मराठी मुलखातून आशा आहे : वोक्हार्टचे झिडेबॅक्टम वेगळ्या वाटेने, भिंत बांधणाऱ्या प्रथिनालाच धरून काम करते. पण तेही बेछूट वापरले गेले तर जंतू त्यावरही तोड शोधतील, यात शंका नको. जंतुप्रतिकारामुळे थेट झालेले जगभरातील मृत्यू २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजारांच्या घरात होते. नवीन रेणू शोधायला दशक-दीड दशक लागते, तो वाया घालवायला काही वर्षे पुरतात.

म्हणून पुढील पानांत प्रत्येक उपयोगाचे विवेचन एकाच क्रमाने केले आहे : आजार काय, जंतू कोणते, पुरावा कोणता, डोस किती दिवस आणि थांबायचे कधी. ही पाने वाचून कोणी स्वतःवर किंवा घरच्यांवर उपचार करू नयेत. हे इंजेक्शन रुग्णालयातच, डॉक्टरांच्या निर्णयानेच घ्यायचे. मात्र नातेवाइकाला बोलण्याचा अधिकार आहे आणि तो वापरायला हवा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर न विचारता सांगा. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या. पहिल्या डोसआधी रक्ताचे किंवा लघवीचे कल्चर घेतले का, ते विचारा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर कल्चरसाठी औषध लांबवायचे नसते, तेव्हा ही दोन्ही कामे लागोपाठ होतात. आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की दुसरा प्रश्न विचारा : हे औषध चालू ठेवायचे, साध्यावर उतरायचे की थांबवायचे? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.